रँकिंग नंतर, आधी सीआयपी कोड

रँकिंगचा तक्ता जरा बाजूला ठेवा. अमेरिकेत फायनान्समध्ये मास्टर्स करायचंय? मग युनिव्हर्सिटीला मेल टाकून विचारा, या कोर्सचा सीआयपी कोड काय? ५२.०८०१ म्हणजे साधं फायनान्स. त्यावर ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर काम करायची मुभा, फक्त १२ महिने. २७.०३०५ म्हणजे फायनान्शियल मॅथेमॅटिक्स. ते स्टेममध्ये येतं, म्हणून आणखी २४ महिने मिळू शकतात. एच-१बीला पहिल्या खेपेत नंबर नाही लागला, तर १२ महिनेवाल्याला बॅग भरावी लागते. डोक्यावर कर्ज तसंच.

लंडनचं गणित वेगळं. मास्टर्स बहुतेक एका वर्षाचं, आणि बँकांच्या भरतीचे अर्ज कोर्स सुरू होतानाच, सप्टेंबरच्या आसपास. तेव्हा सीव्ही इथूनच तयार करून न्या.