बालगृहांची तपासणी



मालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले तेव्हा आम्ही बोनसवर किंवा कंत्राटी कामगारांवर बोलू, अशी त्यांची अपेक्षा होती. आम्ही बालगृहांच्या तपासणीचा विषय कळवला. कामगार संघटनेच्या माणसाचा आणि अनाथ मुलांचा संबंध काय, असे एकाने विचारलेही. संबंध आहे तो तपासणीशी. आमची हयात कारखान्यांच्या फाटकांवर गेली. तपासनीस येतो तेव्हा आत काय घडते, हे ज्याने आतून पाहिले आहे त्याला दुसरी कोणतीही तपासणी कशी होत असेल ह्याचा अंदाज बांधता येतो.

प्रथम बालगृह म्हणजे काय ते सांगतो. आपल्याकडे लोक सगळ्याच संस्थांना 'रिमांड होम' म्हणून मोकळे होतात. ते बरोबर नाही. ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे अशा मुलाला चौकशी चालू असेतो ठेवतात ते निरीक्षणगृह. आणि ज्याचा काहीही अपराध नाही, पण ज्याला सांभाळणारे कोणी नाही, किंवा जे आहेत तेच त्याला मारतात, विकतात, कामाला जुंपतात, अशा मुलाला ठेवतात ते बालगृह. पहिल्या मुलाचा निर्णय बाल न्याय मंडळ करते, दुसऱ्याचा बाल कल्याण समिती. दोघांची एक गोष्ट मात्र सारखी. मूल आपल्या पायांनी तिथे आलेले नसते आणि आपल्या मर्जीने बाहेर पडू शकत नाही. कारखान्यातला कामगार संध्याकाळी घरी जातो, चहा पिता पिता मालकाला चार शिव्या देतो आणि हलका होतो. बालगृहातल्या मुलाला संध्याकाळी जायला दुसरे घर नाही. जिथे दुखते तिथेच त्याला निजावे लागते.

परक्या मुलाची जबाबदारी समाजाने घ्यावी, हा विचार आपल्या मुलखाला नवा नाही. मुंबईत डेव्हिड ससून ह्यांच्या नावाची औद्योगिक शाळा १८५७ सालची. मुंबई इलाख्याचा मुलांचा कायदा १९२४ सालचा. आणि कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९०१ पासून एकामागून एक वसतिगृहे काढविली, ते तर तुम्हांस सांगायलाच नको. ती शिकणाऱ्या मुलांची वसतिगृहे होती, बालगृहे नव्हती, हे खरे. पण दुसऱ्याचे मूल आपल्या पेठेत जेवले-झोपले पाहिजे, ही सवय ह्या जिल्ह्याला तेव्हापासूनची आहे. मुलांना ठेवून घ्यायला आपण शिकलो. ठेवलेल्या मुलांचे पुढे काय होते, हे पाहायला मात्र अजून शिकायचे आहे.

आजचा कायदा २०१५ सालचा आहे, बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम. त्यात कलम ४१ प्रमाणे मुलांना ठेवून घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने नोंदणी केली पाहिजे. नोंदणी पाच वर्षे चालते. नोंदणी न केल्यास संस्था चालवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड, अथवा दोन्ही. कायदा कडक आहे. पण केंद्र सरकारने देशभर अशा संस्थांची मोजणी करविली, तिचा अहवाल २०१८ साली बाहेर आला, त्यात काय दिसले? संस्था सापडल्या ९,५८९. आणि २०१६ सालच्या स्थितीप्रमाणे त्यांपैकी ह्या कायद्याखाली नोंदलेल्या होत्या शेकडा ३२. मधल्या काळात, ५ मे २०१७ रोजी, तामिळनाडूतील अनाथालयांवरून निघालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, वर्षअखेर नोंदणी पुरी करा, निरीक्षण समित्या नेमा, संस्थांचे सामाजिक लेखापरीक्षण करा. जे कायद्यात लिहिलेलेच होते ते करा, एवढे सांगायला देशाचे सर्वोच्च न्यायालय लागले.

आता तपासणी कोणी करायची? कलम ५४ म्हणते, सरकारने राज्याला व जिल्ह्याला निरीक्षण समिती नेमावी. भेटीला किमान तिघांनी जावे. त्यांत एक बाई हवी आणि एक डॉक्टर हवा. तीन महिन्यांतून निदान एकदा प्रत्येक संस्थेला भेट द्यावी, आठवड्याच्या आत अहवाल द्यावा आणि त्यावर महिन्याच्या आत कारवाई व्हावी. हा जिल्ह्याचा अहवाल पूर्वी जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जाई. २०२१ सालच्या दुरुस्तीने तो जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ लागला. ही दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू आहे. आम्हाला ह्यात अर्धी गोष्ट पसंत आहे. जिल्हाधिकाऱ्याच्या शब्दाला वजन असते, तो सकाळी बोलला की दुपारी काम होते. पण पूर त्याच्याकडे, निवडणूक त्याच्याकडे, ऊसदराचे आंदोलन मिटवायचे तरी त्याच्याकडेच. त्या ढिगात बालगृहाची फाईल कितवी असेल, हे तुम्हीच ताडा.

ह्याखेरीज बाल कल्याण समितीने आपल्या हद्दीतील संस्थांना महिन्यातून निदान दोन भेटी द्यायच्या आहेत. ऐकायला हे पुष्कळ वाटते. पण नीट वाचा. दोन भेटी प्रत्येक संस्थेला नव्हेत, सगळ्या मिळून दोन. समजा, एखाद्या जिल्ह्यात बारा संस्था आहेत, तर किमान भेटींच्या हिशेबाने एकेकीच्या वाट्याला वर्षाकाठी दोनच भेटी आल्या. त्रैमासिक चार मिळवा, सहा झाल्या. एवढ्याही भेटी प्रामाणिकपणे झाल्या, तर आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती भेट कशी होते ह्याबद्दल.

आम्ही काम केले अशा एका कारखान्यात (नाव सांगण्याचे कारण नाही) तपासनीस येणार हे साहेबाच्या आधी कॅन्टीनच्या पोराला कळत असे. आदल्या दिवशी फरशी धुतली जाई. कपाटातले हातमोजे निघत, ते वाटले जात आणि दुसऱ्या दिवशी मोजून परत घेतले जात. तपासनीस मॅनेजरच्या खांद्याला खांदा लावून खात्यातून फिरे आणि एखाद्या कामगारापुढे थांबून विचारी, "काय, काही तक्रार?" कामगार एकदा मॅनेजरकडे पाही आणि म्हणे, "न्हाई साहेब." संध्याकाळी शेरा पडे, 'कामगार समाधानी.' अशा पुष्कळ तपासण्या आम्ही पाहिल्या. एक तपासनीस मात्र निराळा होता. पाळी सुटायच्या वेळी तो फाटकाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर येऊन बसे. कोणाला काही विचारीत नसे, नुसता बसे. लोक आपण होऊन त्याच्याजवळ जात. त्याच्या अहवालानंतर यंत्रांवर जाळ्या बसल्या.

'न्हाई साहेब' म्हणणारा तो कामगार मिशीवाला, दोन लेकरांचा बाप होता. बालगृहात हाच प्रश्न आठ वर्षांच्या मुलीला अधीक्षकांच्या समोर विचारला, तर तिने काय उत्तर द्यावे अशी तुमची अपेक्षा आहे? केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत तपासणीचा छापील नमुना आहे, क्रमांक ४६. खोल्या, संडास, कर्मचारी सगळे त्यात भरायचे आहे. ते भरावेच, संडास नाही म्हणजे हालच आहेत. समितीने मुलांशी बोलून त्यांचे म्हणणे काढून घ्यावे, असेही नियम सांगतात. पण रकाना भरायला पाच मिनिटे लागतात आणि मुलाचा विश्वास बसायला पाच भेटी. दुपारी परतायचे असले की समिती कोणते काम आधी उरकते, ते सांगायला नको.

आपल्या वडगावच्या जनावरांच्या बाजारात बैल घेणारा शेतकरी काय करतो पाहा. मालकाचे बोलणे तो ऐकून घेतो, पण त्यावर जात नाही. तोंड उघडून दात मोजतो, खुरे पाहतो, पाठीवरून हात फिरवतो, चार पावले चालवून घेतो. कागदावर बैल विकत घेणारा माणूस आम्ही ह्या बाजारात पाहिलेला नाही. मुलांच्या बाबतीत मात्र कागदावर सौदे होतात.

आणि हा दोष आपलाच आहे असे समजू नका. इंग्लंडात मुलांची काळजी हे नगरपालिका-कौन्सिलांचे काम असून, त्यांची तपासणी 'ऑफस्टेड' हे खाते २००७ पासून करते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनच्या हॅरिंगे भागात सतरा महिन्यांचे एक मूल घरातल्या माणसांच्या मारहाणीने मेले. आठ महिन्यांत डॉक्टर, पोलीस व समाजसेवक मिळून साठेक वेळा त्या मुलाला भेटले होते. नंतर थोड्याच महिन्यांनी त्या कौन्सिलच्या बालसेवेला शेरा मिळाला, 'चांगली'. कारण तो शेरा कौन्सिलने पाठवलेल्या कागदांवरून दिलेला होता. पुढच्या वर्षाअखेर माणसे प्रत्यक्ष जाऊन पाहू लागली तेव्हा तीच सेवा निकामी ठरली. त्यातून ते लोक शिकले. आता तिथे तपासनीस एकेका मुलाचे प्रकरण हाती घेतो आणि ते सांभाळणाऱ्या साध्या कर्मचाऱ्याशी बोलून ते उलगडतो. बालगृहांवर तर बहुधा न कळवता जातात. शिवाय २०१५ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक बालगृहाला दरमहा एक बाहेरचा, संस्थेशी लागाबांधा नसलेला माणूस भेट देतो आणि मुले तयार असतील तर त्यांच्याशी एकांतात बोलतो. 'एकांतात' हा शब्द त्या नियमात लिहिलेला आहे. आम्हाला सगळ्या इंग्रजी व्यवस्थेतून एवढा एकच शब्द उसना हवा आहे.

आपल्याकडे काय झाले तेही सांगितले पाहिजे. शहापूर तालुक्यातल्या कवडास येथील मतिमंद मुलांच्या संस्थेतल्या हालांची बातमी २०१० साली वर्तमानपत्रांत आली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली. बिहारातल्या मुझफ्फरपूरची गोष्ट त्याहून भयंकर. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या 'कोशिश' गटाने त्या राज्यातील संस्थांचे सामाजिक लेखापरीक्षण केले. ही मंडळी मुलींशी शांतपणे बोलली. २०१८ साली त्यांचा अहवाल आला आणि तिथल्या मुलींवर होत असलेले अत्याचार उघडकीस आले. जानेवारी २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरवले. त्यांत बाल कल्याण समितीची माणसे होती आणि बाल संरक्षण खात्याचे अधिकारीही होते. म्हणजे ज्यांनी तपासायचे तेच. घरच्याच माणसांनी घर तपासले की काय होते, ह्याचा ह्याहून मोठा दाखला आम्हाला ठाऊक नाही.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट. संस्थेत काय चालते हे सर्वांत आधी कोणाला कळते? स्वयंपाकीण, काळजीवाहक, रात्रीचा पहारेकरी ह्यांना. मुलाने जेवण टाकले, मूल अंथरुणात ओले करू लागले, एका विशिष्ट माणसाची चाहूल लागताच गप्प झाले, हे त्यांना दिसते. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे अत्याचाराची माहिती असून जो कळवत नाही त्याला सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. ठीक. प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर खटला होणार नाही, असेही त्यात आहे. पण अकरा महिन्यांच्या करारावर असलेल्या बाईला खटल्याची भीती नसते, बाराव्या महिन्याची असते. १९४८ च्या कारखाने कायद्यात १९८७ साली कलम ११८-अ घातले होते. तक्रार कोणी केली हे निरीक्षकाने गुप्त ठेवावे, तक्रारीवरून आलो आहोत हेसुद्धा मालकाला सांगू नये, असे ते कलम होते. कामगारांनी त्याचा उपयोग केलेला आम्ही पाहिला आहे. असेच कलम बालगृहातल्या कर्मचाऱ्यासाठी असावे, ही आमची मागणी आहे. त्या स्वयंपाकिणीचा पगार वेळेवर झाला आणि नोकरी पक्की झाली, तर तिच्याइतका चांगला तपासनीस सरकारला शोधून सापडणार नाही.

एक चांगला नियम आहे, तो बहुतेकांना माहीत नाही. प्रत्येक संस्थेत मुलांसाठी सूचनापेटी हवी. ती कचेरीपासून दूर, मुलांच्या झोपण्याच्या जागेजवळ हवी. किल्ली व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे असावी आणि दर आठवड्याला मुलांच्या समितीसमोर पेटी उघडावी. नियम करणाऱ्याला मुलांचे मन कळत होते, हे कबूल केले पाहिजे. पुढच्या वेळी वाढदिवसाचे जेवण घेऊन एखाद्या बालगृहात जाल, तेव्हा ती पेटी कुठे टांगली आहे ते पाहा. अधीक्षकांच्या टेबलामागे असेल तर काय समजायचे ते समजा. आणि हो, जेवताना मुलांचे फोटो काढून गावभर पाठवू नका. मुलाची ओळख उघड करणे हा कलम ७४ प्रमाणे गुन्हा आहे, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड आहे.

नुसते पाहून भागले नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहे. २००५ चा कायदा, दहा रुपये फी, आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे एकच विषय आणि दीडशे शब्द. दीडशे पुष्कळ झाले. जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याला लिहायचे : गेल्या वर्षभरात जिल्हा निरीक्षण समितीने कोणत्या संस्थेला कोणत्या तारखेस भेट दिली, अहवाल कोणत्या तारखेस दिला आणि त्यावर काय कारवाई झाली, ते कळवावे. कोणत्याही मुलाचे नाव मागू नये, ते मिळणारही नाही आणि मिळूही नये. उत्तराची मुदत तीस दिवसांची. सभा संपल्यावर आम्ही मंडपाच्या दाराशी कागद घेऊन बसणार आहोत. ज्यांना अर्ज लिहायचा असेल त्यांनी यावे, मसुदा आम्ही सांगतो, अक्षर मात्र तुमचे हवे.