कर आपला, मग हिशेबही आपलाच

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



'राज्याचे कर आणि राज्याचा खर्च' असा विषय मी कळवला, तेव्हा कार्यकारिणीतला एक तरुण मला म्हणाला, "दादा, हा प्रोफेसर लोकांचा विषय, आपली माणसं उठून जातील." मी म्हटलं, ज्याला जायचं त्यानं खुशाल जावं, पण खिशातली काडीपेटी इथं ठेवून जावं, कारण त्या काडीपेटीवरसुद्धा त्यानं सरकारला कर दिलेला आहे.

मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर उभं राहून आयुष्य गेलं. जे काही वाचलं ते पाळी सुटल्यावर वाचलं. तेव्हा आज जे सांगणार आहे ते पगाराची चिठ्ठी वाचणाऱ्या माणसाचं सांगणं आहे.

आपल्या समाजात एक मोठा गैरसमज आहे. कर म्हणजे इन्कम टॅक्स, तो मोठे लोक भरतात आणि आपण त्यांच्या पैशावर सवलती खातो, असं आपल्या डोक्यात भरवलेलं आहे. गेटवरच्या चहाच्या टपरीवर हेच ऐकायला मिळतं : "आम्ही टॅक्स भरायचा आणि ह्यांनी फुकट शिकायचं." आणि आपला माणूस मान खाली घालून चहा पितो. का मान खाली घालायची? १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. त्यातला अर्धा वाटा राज्याचा. अंगाच्या साबणावर तेव्हापासून शंभराला अठरा रुपये कर होता; २२ सप्टेंबर २०२५ पासून तो पाच झाला. पोरांच्या वहीवर शंभराला बारा होता. तो त्याच दिवशी माफ झाला. म्हणजे आठ वर्षे आपल्या पोरांनी वहीच्या पानापानावर कर भरला. पेट्रोल-डिझेल जीएसटीच्या बाहेर आहे, त्यावर राज्याचा वेगळा व्हॅट. दारूवर उत्पादन शुल्क. दुकानदार काही विचारत नाही की तुझा पगार किती, तुझी जात कोणती. गिरणीमालकाला जेवढा कर, तेवढाच झाडूवाल्या मावशीला. मग फुकट खाणारा कोण, हे मला कुणीतरी सांगावं!

बाबासाहेब घटनेचे शिल्पकार हे आपल्या पोराबाळांना पाठ आहे. परंतु बाबासाहेब हे राज्यांच्या तिजोरीचा अभ्यास करणारे अर्थशास्त्रज्ञ होते, हे आपण विसरतो. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. १९२७ साली ते मुंबई कायदे कौन्सिलात गेले आणि तिथं पहिल्यांदा बोलले ते अंदाजपत्रकावर. त्यांचा मुद्दा साधा होता. उत्पन्न नसेल तर व्यापाऱ्याला प्राप्तिकर पडत नाही. पण शेतकऱ्याचं पीक येवो न येवो, त्याला सारा भरावाच लागतो, हा न्याय नव्हे. पुढच्याच महिन्यात ते शिक्षणावर बोलले. सरकार शिक्षणावर डोई चौदा आणे खर्च करतं आणि दारूच्या उत्पन्नातून डोई दोन रुपयांवर वसूल करतं. तेव्हा जेवढं अबकारीतून घेता, निदान तेवढं तरी शिक्षणावर घाला, अशी त्यांची मागणी होती.

मित्रहो, ह्यात दोन प्रश्न आहेत. घेता कुणाकडून? आणि देता कुणाला? शंभर वर्षं होत आली, पण कुठलंही अंदाजपत्रक तपासायला ह्याहून चांगली फूटपट्टी मला सापडलेली नाही. आज ती दोन ठिकाणी लावून बघू.

पहिलं ठिकाण आपली पगाराची चिठ्ठी. कपातीच्या रकान्यात 'व्यवसाय कर' म्हणून दोनशे रुपये असतात, फेब्रुवारीत तीनशे. वर्षाचे अडीच हजार. महिना दहा हजारांच्या वर पगार गेला की पुरुषाला हाच दर. आता हिशेब करा. ज्याला चौदा हजार पगार, त्याच्या शंभर रुपयांतले जवळपास दीड रुपया जातो. ज्या साहेबाला दोन लाख पगार, त्याचेही अडीच हजारच; म्हणजे त्याच्या शंभरातले दहा पैसे. कामगाराला दीड रुपया आणि साहेबाला दहा पैसे! असं का? घटनेच्या २७६ व्या कलमात ह्या कराची कमाल मर्यादा आहे. १९८८ साली ती अडीचशेवरून अडीच हजार केली, आणि तिथंच ती थांबली. ती वाढवायची तर संसदेत जावं लागेल. पण खालच्या माणसाला सोडायला राज्याला कुणी अडवलेलं नाही. एप्रिल २०२३ पासून महिना पंचवीस हजारांपर्यंत पगार असणाऱ्या स्त्रियांना हा कर माफ झाला. चांगलं झालं. माझं म्हणणं एवढंच की वाइंडिंग खात्यातल्या ताईला जी माफी, ती तेवढ्याच पगाराच्या भावालाही द्या.

इथं एक सावधगिरीची सूचना. कर जाचक आहे म्हणून 'करच कमी करा' ह्या आरोळीत आपण सामील व्हायचं नाही. तिजोरी रिकामी झाली की पहिल्यांदा काय बंद पडतं? मंत्र्याची गाडी बंद पडत नाही. जिल्हा परिषदेची शाळा, सरकारी दवाखान्यातलं औषध, पोरींचं वसतिगृह बंद पडतं. श्रीमंताला खासगी इस्पितळ आहे. आपल्याला सरकारशिवाय कोण आहे? म्हणून कर हवा, पण तो ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे हवा.

ह्या व्यवसाय कराचा जन्म कशातून झाला तेही तरुणांनी ऐकावं. १९७२ चा दुष्काळ. खडी फोडायला बाया-माणसं रांगा लावायची. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिला पैसा हवा म्हणून १९७५ साली व्यवसाय कर बसवला. जोडीला मोटार, विक्रीकर, बागायती जमीन ह्यांवरही जादा आकारणी केली. जेवढं जमेल तेवढीच भर सरकारनं आपल्या पदरची घालायची, असं ठरलं. १९७९ च्या २६ जानेवारीपासून त्याला कायद्याचं बळ मिळालं. शहरातल्या पगारदाराच्या चिठ्ठीतला पैसा गावातल्या भूमिहीनाच्या हाताला काम द्यायला जाणार, आणि काम मागणं हा त्याचा हक्क! पुढं २००५ साली देशानं रोजगार हमीचा कायदा केला, त्याच्या मुळाशी महाराष्ट्राचा हा अनुभव होता. ह्यातून मी एक धडा घेतो : ज्या पैशाला कायद्याचं कुंपण असतं तो पैसा आपला. ज्याला कुंपण नाही, त्यावर कोणाचीही नजर जाते.

आता दुसरं ठिकाण. मार्च २०२५ मध्ये राज्याचं सुमारे सात लाख कोटींचं अंदाजपत्रक मांडलं गेलं. त्यात महसुली तूट पंचेचाळीस हजार कोटींच्या वर. त्यातच लाडकी बहीण योजनेसाठी छत्तीस हजार कोटी. जुलै २०२४ पासून ह्या योजनेचे महिना दीड हजार आपल्याही घरात येतात. मी त्या पैशाच्या विरोधात नाही. ज्या बाईच्या हातात कधी स्वतःची नोट नव्हती तिला दीड हजाराची किंमत विचारा. पण मे २०२५ मध्ये काय झालं? सामाजिक न्याय विभागाचे चारशे कोटींहून अधिक आणि आदिवासी विभागाचे तीनशे कोटींहून अधिक रुपये ह्या योजनेकडे वळवले गेले. खुद्द सामाजिक न्याय मंत्र्यांनीच त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. सरकारचं म्हणणं असं की तो पैसा त्याच वर्गातल्या बहिणींना जातो, तेव्हा नियम मोडलेला नाही.

बंधूंनो, हा युक्तिवाद नीट पारखून घ्या. बहिणीला दीड हजार मिळतात ते महाराष्ट्राची बहीण म्हणून. मग इतर बहिणींचे पैसे सर्वसाधारण तिजोरीतून, आणि आमच्या बहिणीचे मात्र तिच्याच लेकराच्या वसतिगृहातून? आईच्या ताटात वाढायचं आणि लेकराच्या ताटातून काढायचं, ह्याला वाढणं म्हणत नाहीत. आपल्याच वस्तीतला एक मुलगा बाहेरगावी शिकतो. स्वाधारचे पैसे वेळेवर आले नाहीत, तेव्हा त्यानं खोलीभाडं उसनवारीनं भरलं. कार्यालयात विचारलं तर उत्तर एकच : "निधी आलेला नाही." निधी आला नाही की दुसरीकडे गेला, हे विचारायला कुणी उठलं नाही.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्यात अनुसूचित जाती ११.८ टक्के. तेवढ्या प्रमाणात निधी राखायचा हे धोरण जुनं आहे. पण धोरण म्हणजे कुंपण नव्हे. २०१३ साली आंध्र प्रदेशानं आणि कर्नाटकानं ह्या निधीसाठी कायदा केला. तिथंही पळवाटा काढल्या जातात हे खरं, पण भांडायला हातात कलम तरी असतं.

म्हणून ह्या विहारातून तीन मागण्या जाव्यात असं मी सुचवतो. एक, व्यवसाय करातून पंचवीस हजारांपर्यंतच्या सर्व पगारदारांना माफी. दोन, संसदेनं कमाल मर्यादा वाढवून वरच्या पगाराला वरचा दर लावावा. तीन, अनुसूचित जाती-जमातींच्या निधीला महाराष्ट्रात पक्क्या कायद्याचं संरक्षण. न वळवता, न बुडवता.

आणि मागण्यांआधी आपलं काम. दरवर्षी मार्चमध्ये अंदाजपत्रक आलं की रविवारच्या वंदनेनंतर एक तास त्याचं वाचन ह्याच सभागृहात व्हावं. शिकलेल्या मुला-मुलींनी सामाजिक न्यायाची पानं काढावीत : मागच्या वर्षी ठरले किती, खर्च झाले किती. जिथं आकडा जुळणार नाही तिथं माहितीच्या अधिकारात अर्ज टाकावा आणि त्याची प्रत घेऊन आमदाराच्या दारात जावं. हात जोडून नाही, हिशेब मागायला. आपण याचक नाही, करदाते आहोत.



जयभीम! नमो बुद्धाय!