दिवसभर कुठे होतीस?

(कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

आजच्या सत्राचा विषय आहे 'आजारपण आणि बाईचे श्रम'. मी एम.एस.डब्ल्यू. केलं आहे आणि काही वर्षं रुग्णांच्या कुटुंबांबरोबर काम करते आहे, म्हणून मला बोलावलं. पण आज मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने बोलणार आहे. माझ्या जोडीदाराला गेल्या वर्षी लिम्फोमा झाला, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. दर २१ दिवसांनी एक अशा सहा केमो झाल्या. त्यातल्या चौथ्या केमोचा एक दिवस मी तुमच्यापुढे मांडणार आहे. रडगाणं म्हणून नाही, हिशेब म्हणून.

पहाटे साडेचारला उठले. पाणी भरलं, मुलीचा डबा केला, सासूबाईंच्या गोळ्या वाटीत काढून ठेवल्या. त्याचं तोंड आलेलं होतं, म्हणून बिनतिखटाची मऊ खिचडी. कालचा रक्ताचा रिपोर्ट फाइलमध्ये आहे ना, ते दोनदा पाहिलं. कारण पांढऱ्या पेशी कमी असल्या तर केमो पुढे ढकलतात आणि तो रिपोर्ट नसला तर सगळाच दिवस फुकट. कल्याणहून लोकलच्या अपंग आणि कॅन्सरग्रस्तांसाठी राखीव असलेल्या डब्यातून निघालो. सव्वासातला रुग्णालयात नंबर लावला.

डॉक्टरांनी तपासून केमोला हरकत नाही असं लिहून दिलं, तेव्हा साडेदहा झाले होते. तिथून महात्मा फुले जनआरोग्य योजनेची खिडकी. ही योजना २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली आणि २०१७ साली तिचं नाव बदललं. तिचे नियम मी वस्त्यांमधून शंभरदा समजावून सांगितले आहेत. पण त्याचं नाव आधारवर एक आणि रेशनकार्डावर थोडं वेगळं. एका वेलांटीचा फरक! खिडकीवरचा आरोग्यमित्र भला होता, पण त्याचेही हात बांधलेले. अर्ज लिहा, झेरॉक्स जोडा, सही आणा. झेरॉक्सचं दुकान रस्त्याच्या पलीकडे. तीन फेऱ्या झाल्या.

बाराला त्याला केमोच्या खुर्चीत बसवलं, सलाईन लागलं. वाटलं, आता बसावं जरा. तर सिस्टरनी चिठ्ठी दिली. केमोच्या दुसऱ्या दिवशी घ्यायचं पेशी वाढवणारं इंजेक्शन बाहेरून आणायचं होतं. ते थंड ठेवावं लागतं, म्हणून बर्फाचा डबा घेऊन निघाले. पैसे काढायला बँकेत गेले. आमची बचत त्याच्या एकट्याच्या नावावर. त्याने घरी चेकवर सही करून दिली होती. पण केमोतल्या एका औषधाने बोटांची टोकं बधिर होतात, पेन नीट धरता येत नाही. सही जुळली नाही, चेक परत. स्त्रियांच्या आर्थिक हक्कांवर मी सत्रं घेतली आहेत, मैत्रिणींनो! आणि माझ्या घरात खातं एकाच्या नावावर. शेवटी बहिणीला फोन केला. तिने माझ्या खात्यात पैसे टाकले, तेव्हा इंजेक्शन मिळालं.

मधल्या वेळात मुलीच्या शाळेतून फोन आला, रिक्षावाले काका आज येणार नाहीत म्हणून. शेजारच्या काकूंना विनंती केली. ऑफिसला एक अहवाल पाठवायचा राहिला होता, तो फुटपाथवर उभं राहून मोबाइलवर पुरा केला.

पावणेपाचला मी खुर्चीपाशी पोचले. सलाईन संपत आलं होतं. त्याने डोळे उघडले आणि विचारलं, "दिवसभर कुठे होतीस?"

तक्रार नव्हती त्याच्या आवाजात. त्याला भीती वाटली होती. दुपारी थंडी वाजून आली होती, औषधाची रिॲक्शन. सिस्टर होत्या, पण ओळखीचं माणूस जवळ हवं होतं. आणि मला इतका राग आला! त्याचा, माझा, त्या वेलांटीचा. दिवसभर मी त्याच्यासाठी धावले आणि त्याच्याजवळ दहा मिनिटं बसले नाही. आजाऱ्याच्या हातावर हात ठेवून बसणं, हे ज्याला आपण सेवा म्हणतो, तेवढंच नेमकं त्या दिवशी माझ्याकडून झालं नव्हतं.

२०१९ साली राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाचा सरासरी वेळ होता २९९ मिनिटं, पुरुषांचा ९७. घरच्यांची देखभाल करणाऱ्यांत बायकांचा १३४ मिनिटं, पुरुषांचा ७६. हे आकडे मी शिबिरांतून फळ्यावर लिहीत आले. त्या दिवशी ते माझ्या पायांत उतरले.

आणखी एक कबुली. केसपेपरवर मी कितीदा लिहिलं असेल, "नातेवाइकांचे सहकार्य चांगले." बहुतेक वेळा ही 'नातेवाईक' म्हणजे एक बाई असायची. ती पहाटे किती वाजता उठली, काय खाल्लं, तिच्या मजुरीचे किती खाडे झाले, हे मी विचारलं नव्हतं. रुग्णालयाची यंत्रणा दोन खिडक्यांच्या मधे तुटते आणि ती तूट ही बाई आपल्या पायांनी भरून काढते. तिला पगार नाही, सुट्टी नाही, आणि तिच्या कामाला नावही 'सहकार्य'!

पण खरी गोष्ट पुढेच आहे. त्याच्या शेजारच्या खुर्चीत सातारकडची एक बाई होती. स्तनाचा कॅन्सर. सोबतीला कोणी नाही. पहिल्या दोन वेळा नवरा आला, मग म्हणाला, कामाचे खाडे होतात. नंतर बहीण येऊ लागली. त्या दिवशी बहिणीचं मूल तापाने फणफणलेलं. सकाळी मी औषधांच्या रांगेकडे निघाले तेव्हा तिने हाक मारली, "ताई, तेवढी माझी पण चिठ्ठी न्याल का?" मी तिची औषधं आणून दिली. निघताना ती म्हणाली, "तुमच्या मालकांचं नशीब चांगलं. त्यांच्या घरात बाई आहे. माझ्या घरातली बाई मीच."

मैत्रिणींनो, या वाक्यावर मला वेगळं भाष्य करायचं नाही. पुरुष आजारी पडला की घर त्याच्याभोवती उभं राहतं. बाई आजारी पडली की घरातली उभं राहणारीच आडवी होते. तिची केमो चुकते ती पैशांअभावी, तशीच सोबतीअभावीही.

मग आम्ही काय केलं? घरी आल्यावर एका वहीत कामांची यादी केली. एकवीस कामं निघाली. त्यातली माझ्याशिवाय होणार नाहीत अशी चार. माझे दीर दर रविवारी सफरचंदं घेऊन भेटायला यायचे. त्यांना म्हटलं, "भाऊजी, भेटायला येऊ नका, कामाला या." आधी दुखावले. मग रेशनकार्डाची दुरुस्ती त्यांनीच करून आणली, दोन चकरा मारून. मुलीची शाळा शेजारच्या काकांनी घेतली, काकूंनी नव्हे, हे मुद्दाम सांगते. बँकेचं खातं दोघांच्या नावावर केलं. पाचव्या केमोला मी दोन तास त्याच्याजवळ बसले. आम्ही फारसं बोललो नाही. त्याला झोप लागली.

आपल्या संघटनांपुढे माझी तीन कामं आहेत. एक, आजारी बाई आपल्याकडे आली की रिपोर्टच्या आधी विचारा, "सोबत कोण येणार?" उत्तर नसेल तर गटातून पाळी लावा. दोन, रुग्णालयांकडे मागणी करा की रुग्णाला खुर्चीत बसवल्यावर नातेवाइकाला कागदांसाठी पळवू नका, कागदांचं काम एका जागी आणि आधी करा. तीन, आपल्या स्वतःच्या संस्थांचे रजेचे नियम काढून बघा. माझ्या संस्थेत जोडीदाराच्या आजारपणासाठी रजा नव्हती. मी बिनपगारी रजा घेतली, आणि ती मागताना मलाच अपराधी वाटलं. बायकांच्या श्रमांवर बोलणारी संस्था आमची! आता तो नियम बदलायचं ठरलं आहे. ही रजा पुरुष कार्यकर्त्यांनाही मिळावी असा माझा आग्रह आहे, आणि त्यांनी ती घ्यावी असाही.

त्याचे उपचार पूर्ण झाले आहेत. दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो. सातारच्या त्या बाईचा फोन नंबर घ्यायचं त्या दिवशी माझ्या लक्षात आलं नाही. पुढच्या दोन्ही केमोंना मी तिला शोधलं, ती दिसली नाही. कदाचित तिच्या तारखा बदलल्या असतील. पण तिची चिठ्ठी घेऊन मी रांगेत उभी होते, तेव्हा तिच्या सहाव्या केमोला कोण येणार हे विचारायला हवं होतं. तेवढं तुम्ही विसरू नका.