एक येझदी आणि आपलं पार्किंग

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात ‘माझा छंद’ या विषयावर केलेले भाषण. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



छंदावर बोला म्हटल्यावर मी म्हणालो, छंद कसला, गाडी आहे ती. पण बी विंगच्या जिन्याजवळ उभी असलेली माझी काळी फटफटी तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. पाहिली नसेल तर ऐकली नक्कीच आहे. धुराबद्दल तळमजल्याची जी तक्रार आहे ती मला माहीत आहे, म्हणून गेली कित्येक वर्षं मी गाडी गेटबाहेर ढकलत नेतो आणि तिथे किक मारतो.

गाडी १९८५ ची, येझदी २५०. ऑफिसच्या पतपेढीचं कर्ज काढून नवी घेतली. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने चेकोस्लोव्हाकियातल्या जावाच्या सहकार्याने या गाड्या काढल्या. आधी नाव जावा, पुढे येझदी. १९९६ साली तो कारखाना बंद पडला. म्हणजे आपण इथे राहायला आलो तेव्हाच माझी गाडी पोरकी होती!

तरुण मंडळींना सांगतो, ही गाडी जरा तऱ्हेवाईक आहे. किक आणि गिअरचा दांडा एकच, तोही डावीकडे. किक मारून झाली की तोच दांडा पुढे वळवायचा, झाला गिअर. गिअर दाबताना क्लच आपोआप सुटतो, हाताने दाबला नाही तरी चालतं. सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. मी लिटरला ४० मिली टाकतो. पंपावरच्या नव्या मुलांना हे सांगितलं की ती माझ्याकडे संशयाने बघतात.

माझे उस्ताद पेठेत एका बोळात बसायचे. दुकान कसलं, एक फळी आणि एक खोका. आता ते नाहीत, त्यांची मुलंही या धंद्यात नाहीत. गाडी बंद पडली की पाना हातात घ्यायच्या आधी ते तीन प्रश्न विचारायचे: पेट्रोल येतंय का, ठिणगी पडतेय का, किकला दम लागतोय का? या तिन्हींच्या बाहेरचा आजार मी चाळीस वर्षांत फारसा पाहिला नाही. मग प्लग काढायचा. टोक काळं आणि ओलं असेल तर ऑइल किंवा पेट्रोल जास्त होतंय. पांढरट असेल तर हवा जास्त, इंजिन तापतंय. विटकरी असेल तर देवाचे आभार मानून प्लग परत लावायचा. पॉइंटमधली फट ०.४ मिलिमीटर लागते. उस्ताद ती डोळ्यांनी जुळवायचे, मी फिलर गेज लावतो. मला त्यांचे डोळे कुठून येणार?

सिलिंडरचं बोअर तीनदा झालं. मूळ व्यास ६५ मिलिमीटर. झिजला की लेथवर थोडा मोठा करून घ्यायचा आणि त्या मापाचा पिस्टन टाकायचा. पण असं किती वेळा करणार? भिंत पातळ होत जाते. पुढच्या वेळी नवी स्लीव्ह बसवावी लागेल. मूळचं काय उरलं आहे असं कोणी विचारलं तर चासी, टाकी आणि इंजिनचा नंबर, एवढं मी शपथेवर सांगतो. बाकी बरंच काही नाना पेठेतून आणि बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातून आलेलं आहे. जुन्या बाजारात पार्ट घेताना तो आधी खिशातल्या जुन्या पार्टशी ताडून बघावा, विकणाऱ्याच्या शब्दाशी नव्हे. २०२२ मध्ये येझदी नावाच्या नव्या गाड्या बाजारात आल्या तेव्हा अनेकांनी माझं अभिनंदन केलं, आता पार्ट मिळतील म्हणून. त्यांचं इंजिन चार स्ट्रोकचं, पाण्याने थंड होणारं. आमचं नातं फक्त आडनावाचं.

कागदांचंही एक काम असतं. पंधरा वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण, मग दर पाच वर्षांनी परत. पर्यावरण कर, पीयूसी, आणि आता ती नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. १९८५ च्या मडगार्डवर ती प्लेट म्हणजे धोतरावर टाय. पण लावली. जुनी गाडी ठेवणाऱ्याचे कागद इतरांपेक्षा चोख हवेत, कारण पोलीस आधी तिलाच थांबवतो. आणि ही गाडी स्वस्तात पडते असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. लिटरला तीस मिळाले तरी मी खूश असतो.

आता जरा आपल्या पार्किंगबद्दल. मागच्या सर्वसाधारण सभेत ‘बंद वाहने हटवणे’ हा विषय होता. मी मोजली आहेत, नऊ दुचाकी आहेत, धूळ खात उभ्या. तुम्हाला वाटतं गाडी चालवून झिजते. झिजते, पण ती झीज दुरुस्त होते. उभी गाडी आतून जाते. कार्बोरेटरमधलं पेट्रोल सुकून चिकट थर बसतो. हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला पाणी ओढायची सवय, ते टाकीच्या तळाशी बसून गंज धरतं. रबरी सील कडक होतात, टायरला भेगा पडतात. म्हणून मी पावसाळ्यातसुद्धा दर रविवारी पाच-सहा किलोमीटर तिला फिरवून आणतो. नुसती जागेवर सुरू करून उपयोग नाही, इंजिन नीट तापलं पाहिजे.

त्या नवांत एक दहावी होती, सी विंगमधल्या काकूंची स्कूटर. काका गेले त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. समितीची नोटीस आल्यावर काकू मला म्हणाल्या, “भंगारात नका जाऊ देऊ हो, एकदा बघा तरी.” पिस्टन धरला होता. प्लगच्या भोकातून रॉकेल सोडून आठ दिवस ठेवलं, रोज थोडं हलवलं, तेव्हा सुटला. टाकी गळकी, म्हणून बाटलीला नळी लावून ती उलटी टांगली. अकराव्या की बाराव्या किकला स्कूटर सुरू झाली. काकू खाली येऊन उभ्या होत्या. दोनएक मिनिटं त्यांनी आवाज ऐकला आणि म्हणाल्या, “बंद करा आता.” दुसऱ्या दिवशी निरोप आला, जो रोज चालवेल त्याला देऊन टाका. रीतसर नावावर करून दिली. सकाळी आपल्याकडे पाव घेऊन येतो तो मुलगा तिच्यावरच येतो. काकू पाव घेतात. स्कूटरकडे बघतात की नाही, ते मी कधी पाहायला गेलो नाही.

म्हणून समितीला माझं सांगणं आहे, नऊच्या नऊ गाड्या एका टेम्पोत घालू नका. प्रत्येक मालकाला गाठून विचारा. दुरुस्त करायची असेल तर मी बघून देईन, खर्च किती येईल तेही स्पष्ट सांगेन. चारांची तरी आशा आहे. उरलेल्या खरंच संपल्या आहेत, त्या जाऊ द्याव्यात; फक्त भंगारात घालण्याआधी आरटीओत नोंदणी रद्द करून घ्या, नाहीतर उद्या भलतंच लचांड मागे लागेल.

राहता राहिली माझी येझदी. माझा डावा गुडघा आता किक मारायला कुरकुरतो, आणि त्याचं बोअर काही लेथवर होत नाही. गेल्या दिवाळीपासून डी विंगमधली एक मुलगी माझ्याबरोबर रविवारी बसते. इंजिनिअरिंगला आहे. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, “काका, हिचं मॅन्युअल कुठंय?” मी तिला माझी वही दिली. १९८५ पासून कधी काय बदललं, किती किलोमीटरला, कितीला पडलं, सगळं तिच्यात आहे. तिने प्रत्येक पानाचा फोटो काढून घेतलाय. उस्तादांचे तीन प्रश्न तिला पाठ आहेत. किक अजून अर्धवट बसते तिची, पण बसेल.

येत्या रविवारी सकाळी नऊला हेड उघडून आतला कार्बन खरवडायचा आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी जुने कपडे घालून या. आणि चहा घरूनच पिऊन या, कारण काळ्या हातांना कप द्यायचे नाहीत असा ठराव आमच्या घरी नुकताच मंजूर झाला आहे.