किल्ली सोपविताना



वयाची १८ वर्षे पूर्ण झाली, शिकाऊ परवान्याचे किमान ३० दिवस सरले, चाचणी झाली आणि मुलीच्या हाती पक्का परवाना आला. घरात पेढे वाटले जातात. परंतु ती प्रथमच एकटी दुचाकी घेऊन फाटकाबाहेर पडते, तेव्हा पित्याची परीक्षा सुरू होते.

दहाच मिनिटांत तो दुकानातून फोन लावतो, “कोठे पोहोचलीस?” भर रहदारीत फोन वाजतो, मुलीचे लक्ष रस्त्यावरून ढळते. ज्या काळजीपोटी फोन केला, तीच अपघाताचे निमित्त ठरू शकते, हे त्याच्या ध्यानी येत नाही.

मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास ३ वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. म्हणून वयापूर्वी किल्ली देणे म्हणजे लाड नव्हेत. मात्र रीतसर परवाना मिळविल्यानंतर ती अडवून ठेवणे, हेही वात्सल्य नव्हे.

निघताना हेल्मेटचा पट्टा बांधलेला पाहावा, पोहोचल्यावर एक निरोप मागावा. मधल्या वेळात फोन खाली ठेवावा. पित्याने स्वतःही हेल्मेट घालावे, कारण मुले उपदेशाहून आचरण लवकर उचलतात. किल्ली एका क्षणात देता येते. विश्वास मात्र रोज थोडा थोडा द्यावा लागतो.