बचावपटूची पारख

फुटबॉलच्या शौकिनांत एखाद्या नव्या आघाडीच्या खेळाडूविषयी वाद पडला, तर तो फार दिवस टिकत नाही. त्याने गोल केले तर तो चांगला, न केले तर त्याची रवानगी परत गावी. हिशेब सरळ असतो आणि तो सर्वांच्या डोळ्यांसमोर मांडलेला असतो. परंतु चाचणीसाठी आलेला तरुण जर बचावपटू असेल, आपल्या जुन्या बोलीत ‘बॅक’ असेल, तर मात्र वादाला अंत राहत नाही. कोलकात्याच्या मैदानात क्लबांच्या तंबूंबाहेर, मडगावच्या एखाद्या चहाच्या दुकानात किंवा कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत सामना संपल्यावर जो अड्डा जमतो, तिथे अशा मुलाविषयी चाललेली चर्चा कधी कान देऊन ऐकावी.

एक जण म्हणतो, “पोरगा उंच आहे, डोक्याने चेंडू झकास मारतो.” दुसरा म्हणतो, “उंच आहे खरा, पण वळायला मालगाडीइतका वेळ घेतो.” तिसऱ्याच्या डोळ्यांपुढे एकच प्रसंग असतो, “काल त्यांच्या नऊ नंबरवाल्याला कसा आडवा केला, पाहिलंत ना? चेंडूही गेला आणि माणूसही!” यावर सगळे खूश होऊन माना डोलावतात. मग इतका वेळ गप्प बसलेला एक वयस्कर गृहस्थ हळूच म्हणतो, “आडवा करावा लागला, म्हणजे हा मुळात चुकीच्या जागी उभा होता.”

या चौथ्या गृहस्थाचे म्हणणे बहुधा कोणी मनावर घेत नाही. मला मात्र साऱ्या वादाची किल्ली त्याच्याच वाक्यात आहे असे वाटते.

बचावपटूचे उत्तम काम हे बहुतेक वेळा न घडलेल्या गोष्टींत असते. प्रतिस्पर्ध्याने पास देण्यासाठी मान वर केली आणि त्याला वाट बंद दिसली. त्याने चेंडू मागे वळवला. प्रेक्षकांनी पाहिले ते इतकेच, की चेंडू मागे गेला. ती वाट कोणी बंद केली, त्यासाठी तीन पावले डावीकडे कोण सरकला, हे पाहणारा शंभरांत एखादाच. उलट जो बॅक आधी चुकतो आणि मग जिवाच्या आकांताने धावत येऊन घसरत टॅकल करतो, त्याच्या अंगाला चिखल लागतो, टाळ्या पडतात आणि दुसऱ्या दिवशी त्याचे नाव अड्ड्यावर गाजते. चिखल हे कष्टाचे प्रमाणपत्र खरे, पण त्यावरून अक्कल कळत नाही.

कोल्हापूरकरांना ही गोष्ट समजावून सांगण्याची खरे तर गरज पडू नये. तेथील फुटबॉल संघ तालमींच्या नावांनी वाढले: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. कुस्तीच्या हौद्यात जो पहिली झडप घालतो तो पुष्कळदा स्वतःच्याच जोराने चीत होतो, हे त्या शहरातले शेंबडे पोरही जाणते. बॅकचेही तसेच आहे. समोरून चेंडू घेऊन येणाऱ्यापुढे छाती काढून सरळ उभे राहायचे नाही. अंग थोडे तिरके ठेवायचे, भार पायांच्या चवड्यांवर, दोन्ही पाय एका रेषेत कधीच नाहीत, आणि नजर त्याच्या खांद्यांच्या हुलकावण्यांवर नव्हे, चेंडूवर. मागे सरकत सरकत त्याला कडेच्या रेषेकडे न्यायचे आणि त्याचा चेंडू पायापासून हातभर लांब जाईल त्या क्षणाची वाट पाहायची. हा पवित्राच आहे. तरीही कुस्तीच्या नजरेत तयार झालेला माणूस फुटबॉलच्या मैदानात आला, की पवित्रा पाहायचे विसरतो आणि पोराची मान व मांड्या मोजू लागतो, ही मोठी गंमत आहे.

बॅकची ही कसोटी अशी बिकट झाली, तिच्यामागे खेळाच्या नियमांचाही हात आहे. 1925 पूर्वी ऑफसाइडच्या नियमाप्रमाणे आघाडीचा खेळाडू आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिपक्षाचे किमान तीन खेळाडू असावे लागत. त्या काळी दोन बॅकपैकी एकाने पुढे पाऊल टाकले की शत्रू आपोआप सापळ्यात अडके. 1925 मध्ये तिनाचे दोन झाले, गोलांचा पाऊस पडू लागला, आणि तो थोपवण्यासाठी मधला हाफ मागे खेचून तिसरा बॅक उभा करावा लागला. पुढे तिनांचे चार झाले. म्हणजे बचाव हे दोन बलदंड पुरुषांचे काम न राहता ती एक भिंत झाली, आणि भिंतीतला चिरा एकटा उचलून पाहिला तर त्याची किंमत कशी कळणार?

आता चाचणी कशी होते ते पाहा. दोन दिवस, फार तर तीन. वेगवेगळ्या गावांतून आलेली बावीस मुले, दोन रंगांचे सदरे वाटून दिलेले. कोणाला कोणाचे नाव ठाऊक नाही. प्रत्येकाला स्वतःला दाखवायचे असते, म्हणून पास कोणी देत नाही. आघाडीच्या मुलाला ही परिस्थिती एक वेळ मानवते; तो चार जणांना चकवून एकट्याच्या हिमतीवर चमकू शकतो. पण बॅकने काय करावे? ऑफसाइडचा सापळा लावायचा तर चौघांनी एका श्वासात पुढे सरकले पाहिजे, आणि इथे डावीकडच्या भिडूला कोणत्या नावाने हाक मारायची हेच माहीत नाही. शहाणा मुलगा अशा वेळी मागे उभा राहून सगळ्यांची भोके बुजवतो आणि परीक्षकांच्या वहीत त्याच्या नावापुढे काहीच लिहिले जात नाही. वेडा मुलगा दहा वेळा अंगावर धावून जातो, त्यांतल्या सहा वेळा चेंडू मिळवतो, आणि त्याला उद्या पुन्हा बोलावतात.

ही केवळ आपल्याकडचीच रड नाही. इटलीतील मिलान शहराची कथा फुटबॉलच्या जगात प्रसिद्ध आहे. त्रावाल्यातो या गावचे दोन भाऊ. थोरल्या जुझेप्पेला इंटर या क्लबाने आपल्या बालसंघात घेतले. धाकटा फ्रँको बारेसी, 1960 चा जन्म, तोही इंटरच्या दारी गेला. पण अंगापिंडाने अगदीच किरकोळ म्हणून त्याला परत पाठवण्यात आले. 1974 मध्ये त्याच शहरातल्या दुसऱ्या क्लबाने, एसी मिलानने, त्याला उचलले. मिलानच्या बोलीत त्याचे टोपणनावच पडले ‘पिशिनिन’, म्हणजे बुटुकला. पुरा वाढल्यावरही त्याची उंची पाच फूट नऊ इंचांच्या आसपासच राहिली. हा बुटुकला 1978 मध्ये मुख्य संघात आला आणि 1997 मध्ये निवृत्त होईपर्यंत त्याने दुसऱ्या क्लबाचा सदरा अंगात घातला नाही. तो गेल्यावर क्लबाने त्याचा 6 क्रमांकही कायमचा निवृत्त केला. सान सिरोच्या मैदानात, जे दोन्ही क्लबांचे सामाईक घर, दोघे भाऊ आपापल्या संघांचे कर्णधार म्हणून समोरासमोर उभे राहिले.

इंटरच्या परीक्षकांना नावे ठेवणे आज फार सोपे आहे. मला ते करावेसे वाटत नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाची चाचणी घेताना आपण पाहत असतो एक अर्धवट वाढलेले शरीर. कोणाला मिसरूड फुटलेले असते, कोणाचा आवाजही फुटलेला नसतो, आणि दोघे एकाच वयोगटात खेळत असतात. वयोगटाची रेषा साधारणपणे 1 जानेवारीला आखली जाते. त्यामुळे जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरात जन्मलेल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असूनही दोघांना एकाच तराजूत घालतात. अनेक देशांतील निवडक बालसंघांच्या याद्या तपासणाऱ्यांना तिथे वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी आढळली आहे, ती उगाच नव्हे. आणि बॅकच्या बाबतीत ही चूक अधिक महागात पडते, कारण बॅकचे मुख्य भांडवल म्हणजे अंदाज, आणि अंदाज वयाबरोबर वाढतो. मधल्या बचावपटूचा बहर बहुधा पंचविशी उलटल्यावरच येतो. चौदाव्या वर्षी त्याच्या अंगी अंदाजाचा केवळ अंकुर असतो. तो पाहायला माळ्याची नजर हवी, कसायाची नव्हे.

आपल्या देशातील थोर बचावपटूंचे स्मरण केले तर आणखी एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. शैलेन मन्ना हे 1951 च्या दिल्लीतील पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाचे कर्णधार, मोहन बागानचे अनेक वर्षांचे आधारस्तंभ. पण जुने शौकीन त्यांचे नाव काढताच आधी सांगतात ती 1948 च्या लंडन ऑलिंपिकमधली फ्रान्सविरुद्ध हुकलेली पेनल्टी. भारत तो सामना 1-2 असा हरला. त्या दिवशी मन्नांनी बॅक म्हणून काय काय अडवले, ते मात्र कोणी सांगत नाही. बारेसीचेही तेच. 1994 च्या विश्वचषकात साखळी सामन्यात त्याचा गुडघा दुखावला, शस्त्रक्रिया झाली, आणि महिना भरायच्या आत तो अंतिम सामन्यात उभा राहिला. चौतिसाव्या वर्षी, पॅसेडिनाच्या उन्हात, एकशे वीस मिनिटे ब्राझीलला एकही गोल होऊ दिला नाही. मग पेनल्टी घेताना त्याने चेंडू गोलच्या दांड्यावरून उडवला, आणि जगाच्या आठवणीत राहिली ती पेनल्टी.

जर्नेलसिंगांची गोष्ट थोडी सुखाची, पण जात तीच. पंजाबमधून कोलकात्याला आलेला हा तरुण आधी राजस्थान क्लबात आणि 1959 पासून मोहन बागानमध्ये खेळला. 1962 च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत थायलंडविरुद्ध त्याच्या डोक्याला जखम झाली आणि टाके पडले. प्रशिक्षक रहीमसाहेबांपुढे प्रश्न उभा राहिला, की असा माणूस बचावात कसा खेळवावा? त्यांनी त्याला आघाडीवर पाठवले. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्याने गोल केला आणि अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्धही केला. भारताने 2-1 असे सुवर्ण जिंकले. प्रेक्षागार सारे आपल्या विरुद्ध ओरडत असतानाचा तो विजय. बॅक म्हणून आशियात ज्याच्या तोडीचे फार थोडे होते, त्या जर्नेलसिंगांची आठवण सामान्य माणूस आजही त्या दोन गोलांनीच काढतो! आघाडीवाला म्हणून केलेली दोन दिवसांची पाहुणचाराची चाकरी लक्षात राहिली, आणि दहा वर्षांची घरची राखण विसरली गेली.

मग हे अड्ड्यावरचे लोक निरुपयोगी आहेत का? मुळीच नाही. चाचणी घेणाऱ्या परीक्षकाने त्या मुलाला दोन दिवस पाहिलेले असते. अड्ड्यावरच्या माणसाने त्याला गल्लीतल्या पावसाळी सामन्यात, फुटक्या बुटांनिशी, संघ तीन गोलांनी मागे असताना शेवटच्या दहा मिनिटांत पाहिलेले असते. पंचाने अन्याय केल्यावर तो काय करतो, स्वतःच्या चुकीने गोल झाल्यावर मान खाली घालतो की चेंडू उचलून मध्यावर नेतो, गोलरक्षकाशी भांडतो की त्याच्या पाठीवर हात ठेवतो, ही माहिती कोणत्याही वहीत नसते. ती फक्त त्या पायऱ्यांवर असते. त्या माहितीचे चीज होत नाही, कारण पायऱ्यांवरचा माणूस ती सोडून भलत्याच गोष्टींवर पैज लावतो.

शिवाय त्या बोलण्याचा आवाज मैदानात पोहोचतो. सतरा वर्षांचा मुलगा, घरची बेताची परिस्थिती, वसतिगृहाच्या खाटेसाठी आणि महिन्याच्या मानधनासाठी धडपडणारा, तो पहिल्या दिवशी शांत खेळतो आणि कुंपणापलीकडून ऐकतो, “अरे, हा तर नुसता उभाच आहे!” दुसऱ्या दिवशी तो उभा राहत नाही. तो धावत सुटतो, झडपा घालतो, टाळ्या मिळवतो आणि त्याची मोकळी सोडलेली जागा साधून प्रतिस्पर्धी दोन गोल करून जातात. मुलगा नापास होतो आणि टाळ्या वाजवणारेच म्हणतात, “आम्ही आधीच सांगितलं होतं!” असे प्रकार मी एकाहून अधिक मैदानांवर पाहिले आहेत.

तेव्हा पुढच्या वेळी आपल्या गावी एखादा नवा बॅक चाचणीला उतरला, तर त्या चौथ्या गृहस्थाशेजारी जागा पकडावी. त्याची रीत मला ठाऊक आहे. पहिली दहा मिनिटे तो चेंडूकडे पाहतच नाही. चेंडू पलीकडच्या टोकाला असताना हा मुलगा काय करतो, तेवढेच पाहतो. मुलगा कंबरेवर हात ठेवून खेळ बघत असेल तर गृहस्थ खिशातून शेंगदाणे काढतो. मुलगा दर थोड्या वेळाने मागे वळून आपल्या पाठीशी कोण आहे ते पाहत असेल, शेजाऱ्याला हाक मारून चार पावले आत बोलावत असेल, तर शेंगदाणे खिशातच राहतात. मध्यंतरानंतर तो एवढेच विचारतो, “डाव्या पायाने किती वेळा मारलं?” आणि आजूबाजूच्या कोणीही ते मोजलेले नसते.