किलोमागे किती?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख करून देताना 'क्लिनिकल फार्मासिस्ट' म्हटलं आणि पुढच्या दोन रांगांत कुजबुज झाली. ती कुजबुज माझ्या ओळखीची आहे. गेली तीस वर्षं प्रत्येक लग्नकार्यात मला एकच प्रश्न विचारतात, "मग मेडिकल कुठं टाकलंयस?" मी कुठंच टाकलेलं नाही. माझी सगळी नोकरी पुण्यातल्या रुग्णालयांत झाली आणि त्यातली बहुतेक वर्षं लहान मुलांच्या विभागात गेली. तिथं मी काय करत होते, ते आज पहिल्यांदाच आपल्या माणसांसमोर नीट सांगते.

आपण शाळेत होतो तेव्हा मलकापूर ग्रामपंचायतीचं गाव होतं. १९८४ साली इथं कृष्णाचं वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आणि हायवेच्या कडेला पांढरे कोट दिसायला लागले. घरोघरी आईबापांना वाटू लागलं, आपलंही पोरगं डॉक्टर व्हावं. माझे मार्क तेवढे नव्हते. बारावीनंतर कराडला विद्यानगरच्या शासकीय फार्मसी कॉलेजात नंबर लागला. सुरुवातीला मीही थोडी हिरमुसलेच होते.

पहिल्याच वर्षी आमच्या सरांनी १९८६ ची जे. जे. रुग्णालयातली घटना सांगितली. तिथं रुग्णांना दिलेल्या ग्लिसरिनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होतं. १४ जण दगावले. पुढं न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं चौकशी केली. सर म्हणाले, "बाटली आली, नोंद केली, पुढं दिली, असं काम करणाऱ्याला हमाल म्हणतात. थांबवून विचारतो तो फार्मासिस्ट." ते वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

आता माझ्या कामाबद्दल. मोठ्या माणसाचं औषध बहुतेक वेळा ठरलेलं असतं. सकाळी एक, रात्री एक. मूल मात्र एक किलोचं असू शकतं आणि चाळीस किलोचंही. वयाबरोबर त्याचं यकृत बदलतं, मूत्रपिंडं बदलतात. म्हणून मुलांच्या विभागात प्रत्येक औषधाला पहिला प्रश्न असतो, 'किलोमागे किती?' त्याचं उत्तर आलं की वजनानं गुणायचं, आणि औषधाच्या बाटलीत दर मि.ली.ला किती मि.ग्रॅ. आहे त्यानं भागायचं. हे आपल्या सातवीतलं त्रैराशिक. आपले गणिताचे सर उत्तरापुढं एकक लिहिलं नाही तर पूर्ण मार्क कापायचे, आणि आपण त्यांच्यावर चिडायचो. सर आज इथं समोर बसलेत. सर, तुमचं ते एकक मी तीस वर्षं रोज लिहिलं.

उदाहरण आपल्याच रानातलं देते. लाल विंचू चावलेलं मूल पूर्वी डोळ्यांदेखत जायचं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८०च्या दशकात दाखवून दिलं, की प्राझोसिन हे ब्लडप्रेशरचं साधं औषध वेळेत दिलं तर ते मूल वाचू शकतं. पण ती गोळी मोठ्यांसाठी बनवलेली. मुलाला लागतात किलोमागे ३० मायक्रोग्रॅम. दहा किलोच्या मुलाला ३०० झाले, आणि गोळी असते एक मि.ग्रॅ.ची, म्हणजे १००० मायक्रोग्रॅमची. तिचे हातानं तीन-दशांश तुकडे कसे करणार? मग ती बारीक करून १० मि.ली. पाण्यात कालवायची, ढवळायची आणि लगेच त्यातलं ३ मि.ली. मोजून द्यायचं. शिवाय ती गोळी साधी आहे की हळूहळू विरघळणारी, हे आधी बघायचं. हळू विरघळणारी गोळी कुटली तर रात्रभराचं औषध एकदम अंगात जातं. औषध काय द्यायचं ते डॉक्टरांनी शोधलं. मुलाच्या तोंडात ते बरोबर किती जाईल, हे बघणं आमचं काम.

सलाईनचंही तसंच. मोठ्यांच्या नेहमीच्या सेटमध्ये २० थेंबांचा एक मि.ली. होतो, मुलांच्या सेटमध्ये ६० थेंबांचा. सेट बदलला आणि थेंब तेवढेच मोजले, तर तिप्पट पाणी जातं. दिवस पुरे व्हायच्या आत जन्मलेल्या एक किलोच्या बाळाला अख्ख्या दिवसात चहाच्या एका कपाएवढं पाणी लागतं. त्यातच त्याची साखर, प्रथिनं, क्षार बसवायचे. दूध पचत नसलेल्या अशा बाळांची पोषणाची पिशवी आम्ही गाळलेल्या हवेच्या बंदिस्त टेबलावर, टोपी-मास्क-हातमोजे घालून भरायचो. कॅल्शियम आणि फॉस्फेट चुकीच्या क्रमानं एकत्र आले, तर पिशवीत खडूसारखा साका धरतो, आणि तो बाळाच्या फुप्फुसात जाऊन अडकू शकतो. म्हणून फॉस्फेट आधी घालायचं, कॅल्शियम अगदी शेवटी, आणि पिशवी उजेडासमोर धरून बघायची.

शाळेच्या हौदाजवळची सदाफुली आठवते का? त्या झाडापासून व्हिन्क्रिस्टिन नावाचं औषध काढतात. रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना ते शिरेतून देतात. त्याच मुलांना दुसरं एक औषध पाठीच्या मणक्यातून द्यावं लागतं. दोन्ही सिरिंजमध्ये भरून एकाच ट्रेमध्ये गेली आणि व्हिन्क्रिस्टिन मणक्यात टोचलं गेलं, तर ते मूल जवळजवळ नक्कीच दगावतं. जगात असं अनेकदा घडलंय. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ साली सांगितलं, की हे औषध सिरिंजमध्ये न भरता सलाईनच्या छोट्या पिशवीत भरून द्या. पिशवी कुणी मणक्याला लावत नाही. इतका साधा उपाय. मी स्वतः भरलेल्या प्रत्येक पिशवीवर ठळक लिहायचे, 'फक्त शिरेतून'.

एक प्रसंग सांगते. रुग्णालयाचं नाव सांगत नाही. चार किलोचं बाळ, हृदयाचा आजार. रात्री साडेअकराला चिठ्ठी आली : डिगॉक्सिनचं पातळ औषध, ४ मि.ली. त्या औषधात एका मि.ली.ला ५० मायक्रोग्रॅम असतात, म्हणजे एका वेळी २०० झाले. त्या बाळाला हवे होते २०. मी फोन केला. तरुण निवासी डॉक्टर सकाळपासून उभा होता. वैतागून म्हणाला, "मॅडम, बाळ तुमच्यासमोर आहे की माझ्यासमोर?" मी म्हटलं, "तुमच्याच समोर आहे. म्हणून तुम्हीच एकदा गुणाकार करा, मी फोन धरते." पलीकडं काही क्षण कागदाचा आवाज. मग तो हळू आवाजात म्हणाला, "शून्य पूर्णांक चार. देऊ नका, मी खाली येतो."

तो आला. जुन्या कागदावर शून्य आणि टिंब होतं, नवीन कागदावर उतरवताना ते गळलं होतं. आम्ही दोघांनी मिळून नवी चिठ्ठी लिहिली. बाळ पुढं बरं होऊन घरी गेलं. त्याच्या आईला यातलं काही कळलं नाही, आणि माझं तोंडही तिनं कधी पाहिलं नाही. तो डॉक्टर मात्र पुढं दर रात्री फोन करायचा, "मॅडम, एकदा बघता का?"

त्या रात्री मला माझी नोकरी खऱ्या अर्थानं कळली. माझ्यापेक्षा जास्त शिकलेल्या, जास्त थकलेल्या माणसाला 'थांबा' म्हणायचं, आणि ते त्याचा अपमान न करता म्हणायचं. गुणाकार कुणालाही येतो. रात्री साडेअकराला फोन उचलायला धाडस लागतं. ते धाडस मला कुठून आलं असा विचार करते, तेव्हा आपल्या मराठीच्या बाई आठवतात. फळ्यावरचं त्यांचं ऱ्हस्व-दीर्घ चुकलं आणि आपण दाखवलं, तर त्या म्हणायच्या, "शाब्बास, ये, तूच पुसून लिही." ज्या मुलांना मोठ्यांची चूक दाखवल्यावर शाबासकी मिळाली, ती पुढं आयुष्यात गप्प बसत नाहीत.

आता आपल्यापैकी बरेच जण आजी-आजोबा झालेत, म्हणून घरातल्या कामाचं थोडं सांगते. पॅरासिटामॉलचे थेंब आणि सिरप ही दोन वेगळी औषधं समजा. थेंबांमध्ये साधारण एका मि.ली.ला १०० मि.ग्रॅ. असतात, नेहमीच्या सिरपमध्ये ५ मि.ली.ला १२० किंवा १२५. सिरपचा ५ मि.ली.चा चमचा थेंबांच्या बाटलीतून भरलात, तर ५०० मि.ग्रॅ. होतात. ती मोठ्या माणसाची गोळी झाली. दहा किलोच्या नातवाला एका वेळी साधारण १५० लागतात. स्वयंपाकघरातला चमचा वापरू नका, बाटलीबरोबरचं माप वापरा. नातवाचं ताजं वजन फ्रिजवर लिहून ठेवा. आणि डॉक्टरांना किंवा मेडिकलमधल्या माणसाला बिनधास्त विचारा, "किलोमागे किती बसतं?" चांगला माणूस रागावणार नाही, तो पुन्हा मोजेल.

मुख्याध्यापकांना मी एक विनंती केली आहे आणि त्यांनी ती मान्य केली आहे. येत्या जूनपासून महिन्यातला एक शनिवार मी शाळेत येणार. रिकाम्या बाटल्या, मापं आणि वजनकाटा घेऊन येईन आणि सातवीच्या मुलांना त्रैराशिक शिकवीन. त्यातल्या एखादीला तरी फार्मसीला जावंसं वाटलं, तर तिला मेडिकल कुठं टाकणार म्हणून विचारू नका.

सर, बाई, आपण आम्हाला एकक लिहायला आणि चूक दाखवायला शिकवलंत. माझ्या कामाला एवढी शिदोरी पुरली.